वेगळी बादली

परड्यात बादली भरल्याचा आवाज आला आणि अंकिता हातातला चहा तसाच ठेवून उठली.

ओसरीवर आप्पांची पत्र्याची पेटी उघडी पडली होती. सकाळीच आप्पांच्या दुकानातल्या कृष्णातनं ती तमिळनाडूतल्या सेलमहून आणून दिली होती. तिथल्या गलाईच्या, सोनं गाळायच्या दुकानात आप्पांनी एकतीस वर्षं तेजाबात सोनं उकळलं. महिन्यापूर्वी तिथंच गेले, अग्नीही तिथंच दिला. पेटी आल्याचं कळताच अंकिता साताऱ्याहून विट्याला निघाली होती. तिला त्यातला एक सदरा हवा होता. न धुतलेला.

पेटी रिकामी होती.

"आई, काय केलंस गं हे!"

आई बादलीपाशी बसली होती. आप्पांच्या कपड्यांची ही बादली वेगळी असायची. गरम पाण्यात, सोड्यात तीन सदरे बुडले होते. चौथा आईच्या मांडीवर होता. तेजाबाच्या शिंतोड्यांनी पुढं बारीक भोकं पडलेला.

"काय म्हंजे? भिजत घातली."

अंकितानं मांडीवरचा सदरा ओढून घेतला.

"त्येला लय वास हाय गं."

"म्हणूनच."

तिनं सदरा तोंडाशी धरला. घशात खवखवलं. लहानपणी आप्पा वर्षातून पंधरा दिवस घरी यायचे, तेव्हा आई त्यांना उंबऱ्यातच अडवायची. "आवं, आधी परड्यात जावा. दुकान भायेर ठिवा, मग पोरीला हात लावा." न्हाऊन आलेल्या आप्पांना साबणाचा वास यायचा, कुणालाही यावा तसा. अंकिता हळूच परड्यात जाऊन त्यांच्या उतरवलेल्या कपड्यांत तोंड खुपसायची.

"जन्मभर नाक मुरडलंस तू या वासाला," ती म्हणाली. "निदान आता एवढा एक तरी राहू दे."

आईनं वर आलेला सदरा पाण्याखाली दाबला.

"मुरडलं की. त्यो वास आला की वाटायचं, मानूस अजून तिकडंच हाय. कापडं धुऊन वाळत घातली, की मग वाटायचं, आलं घरी." तिनं बादलीतलं पाणी ढवळलं. "ह्या खेपंला त्येंना तिकडंच ठिवू व्हय?"

अंकिता समोर बसली.

आईनं एक सदरा वर काढला. पिळला नाही. तसाच निथळता नाकाशी नेला. आईला असं करताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"हाय अजून," आई म्हणाली आणि तिनं तो पुन्हा पाण्यात सोडला.

बऱ्याच वेळानं अंकितानं हातातल्या सदऱ्याची एक बाही बादलीत सोडली. दुसरी तिच्या मुठीतच होती. कापडातून पाणी हळूहळू वर चढू लागलं.