मुकुटावरची फुली

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. मी दुर्बिणी दुरुस्त करायचो. माझा मेहुणा नेमबाजाच्या बंदुकीवरची जुनी, परदेशी दुर्बीण घेऊन दुकानात आला. ती कुठल्या सैन्याची, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

मी नळीवर खडू घासला, तशा कोरलेल्या खुणा पांढऱ्या उठल्या. कारखान्याचा शिक्का, सैन्याचा मुकुट आणि त्या मुकुटावर मारलेली फुली.

"फुली म्हणजे सैन्याने बाद केलेली," मी म्हणालो.

"दाजी, काच तर तुमच्या चष्म्यापेक्षा लख्ख आहे! बाद कशाला करतील?"

दोष शोधायला मी ती समोरच्या आमच्या घराकडे रोखली. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दुर्बिणीत गच्ची दिसली, दोरी दिसली, ओली चादर आपली आपण दोरीवर चढताना दिसली. बायको दिसली नाही.

मी दुर्बिणीवरून डोळा बाजूला केला. ती तिथेच उभी होती, चादर झटकत.

"तू बघ रे जरा."

मेहुण्याने दुर्बीण डोळ्याला लावली आणि त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, ताई कुठे आहे?"

मी रस्ता ओलांडून धावत सुटलो, जिन्यातूनच तिला हाका मारत.

बायको त्याच दुपारी वारली, मी गच्चीवर पोचायच्या आधी.