सहाशे फुकट डाव

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी क्लोव्हिसने पिनबॉलवर सहाशे फुकट डाव जिंकले, म्हणजे तीस डॉलर. आमच्या लुइझियानात बारचा मालक असे डाव रोख पैसे मोजून घेतो आणि मशीनवरचा आकडा पुसतो. पोलिसासमोर मात्र नाही. क्लोव्हिसच्या बोटीचं इंजिन गहाण होतं. सहापर्यंत सोडवलं नाही तर विकलं जाणार होतं.

मालकीण ओडीलबाई पैसे आणायला आत गेल्या. त्या बाहेर येतात तोच हवालदार डोमँग येऊन कॉफी पीत बसला.

"हा उठणार कधी?" क्लोव्हिस कुजबुजला.

"मी काय त्याला हाताला धरून उठवू? नुसता उभा राहू नकोस, संशय येईल. खेळत राहा."

बाईंनी हवालदाराचा कप चारदा भरला. त्या मशीनवर एकेका खेळाला दहा-वीस डाव लावता येत; पावणेसहाला मशीनवर शून्य आलं. क्लोव्हिस निघून गेला.

दार लागताच डोमँग बाईंना म्हणाला, "पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा जरा लवकर हरणारा बघा. कॉफीने पोट बिघडलं माझं."

इंजिन त्याच संध्याकाळी विकलं गेलं. सोमवारी क्लोव्हिस पुन्हा ओडीलबाईंकडे खेळताना दिसला. आत हवालदार नाही, एवढं त्याने आधी खिडकीतून पाहून घेतलं होतं.