अभिप्रायाची वही

परतीची एकमेव बस चार वाजता होती आणि पोंक्ष्यांच्या घड्याळात चाराला पाच मिनिटं कमी होती. ती चुकली, तर टूरची गाडी त्यांची बायको आणि दोघांचे पासपोर्ट घेऊन व्हिएन्नाला निघून जाणार होती. ‘गर्दीत कसला आलाय इतिहास?’ असं बायकोला सुनावून ते सकाळी हंगेरीतल्या या आडगावी एकटेच आले होते. तेव्हापासून इथलं संग्रहालय सांभाळणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाई त्यांना एकेक मडकं दाखवत होत्या.

“निघतो आता,” पोंक्षे पाचव्यांदा म्हणाले.

बाईंनी अभिप्रायाची वही उघडून पुढे धरली. “हे तुमच्याकडचंच ना?” त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं. “सात वर्षं झाली, वाचणारं कुणी आलंच नाही. काय लिहिलंय?”

अक्षर चक्क मराठी होतं. ‘बाई मनाच्या फार चांगल्या, पण तळघर बघायला हो म्हणू नका. दोन तास सोडत नाहीत. माझी बस गेली. – सौ. आगाशे, मिरज.’

बाई श्वास रोखून बघत होत्या.

“तुम्ही फार चांगल्या आहात म्हणे,” पोंक्षे घसा खाकरत म्हणाले, “आणि... तळघर अगदी चुकवू नये म्हणे.”

बाईंचे डोळेच भरून आले. “बघा! आणि लोक नुसती घाई करतात हो.” त्यांनी खिळ्यावरची भली मोठी किल्ली काढली आणि बाहेरचं दार आतून लावून घेतलं. खाली असताना गर्दी झाली तर पंचाईत नको.

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. बाई तळघराचा दिवा लावायला वळल्या, तेवढ्यात पोंक्ष्यांनी पेन उचललं आणि आगाशेबाईंच्या खाली लिहिलं, ‘माझीही गेली.’