बंदुकीवरची दुर्बीण

आमच्या वायोमिंगच्या उघड्या डोंगरांत हरीण माणसाला जवळ येऊ देत नाही, म्हणून माझ्या नवऱ्याने लांब पल्ल्याची रायफल घेतली आणि तिच्यावर दुकानातली सगळ्यात ताकदवान दुर्बीण बसवून घेतली. “गळ्यात अडकवायला एक साधी दुर्बीणही घे ना,” मी म्हणाले. “कशाला? हिच्यातून सगळं दिसतं की! तुझं आपलं काहीतरीच.” शेवटी माझ्यापुरती मीच एक घेतली. शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या सकाळी तो रायफल भरून कड्यावर दबा धरून बसला. मी समोरच्या उतारावर उभी राहून माझ्या दुर्बिणीतून हरणं शोधत होते. शोधता शोधता दुर्बीण कड्याकडे वळली. त्याची नारिंगी टोपी रायफलवर झुकलेली होती, नळी सरळ माझ्यावर रोखलेली. कुणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून घातलेलं माझं नारिंगी जाकीट त्याला दिसत नव्हतं? तेवढ्यात फोन वाजला. “अगं, हात हलव की! इथून कसली गोड दिसतेस!”