पंगतीची धून

देवळीत लग्नांना भोंगे लावणारे गजेंद्रचे बाबा पंगत बसली की एका विलायती गिटार बँडची संथ धून वाजवत. बाबा गेले, रेकॉर्ड फुटली; बँड ठाऊक होता, पण धून कोणती ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

२००३. त्या बँडच्या निवडक वादनांची आणखी एक सीडी गजेंद्रनं नागपूरहून मागवली.

पहिली धून. पुढे.
दुसरी. पुढे.

"काऊन पुढं ढकलून राह्यला?" आईनं विचारलं.

"सगळ्या पळतात, माय. बाबांची नाई याच्यात."

"आता वाजली थेच तर होती."

"थे? थे त माह्या सगळ्याच सीडींत हाये! इतकी फास्ट?"

 

"तुहे बाबा सोता जेवाले बसत ना, रेकॉर्ड लवकर संपू नाई म्हणून मशीन हळू करून ठेवत."