खडकाखालची वाट

लाल माळावरून नदीकाठाने डोहांपर्यंत चालायला अर्धा तासही लागत नाही, पण तेवढ्यात माझ्या नातीने, जोलीनने, मला तीनदा टोकलं. "आजे, पुरे तुझ्या थापा! आईचं एक तरी खरं सांग."

आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. गोष्टीला कुठे बंदी आहे?

वरच्या डोहाशी मी मूठभर वाळू तिच्या घामेजल्या काखेत चोळली. "ई, आजे!" ती किंचाळली. वाळू पाण्यात टाकून मी डोहाच्या राखणदाराला ओरडून सांगितलं, "हा वास ओळखून ठेव रे, आपलीच पोर आहे!" मग हळूच तिला म्हटलं, "तुझी आई इथे बुडी मारायची आणि खडकाखालून थेट खालच्या डोहात निघायची."

मी हसायच्या आतच पोरीने उडी घेतली. पाणी मिटलं. मी हाका मारून मारून थकले.

तेवढ्यात खालच्या डोहातून आवाज आला. "आजे, खरंच वाट आहे गं! आईची वाट!"

मी पाण्याकडे बघतच राहिले. जोलीनची आई जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती.