कपाळ, छाती, खांदे

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे, खोटा निघाला तर माझी कवळी गळून पडो! लेक मिशनरी कॉलेजात व्यायामशास्त्र शिकायला लागली, तेव्हापासून आईच्या मनात पाल चुकचुकत होती. शिकवायला सगळ्या सिस्टर, आणि पोरगी एकुलती एक. उद्या मठातच जाऊन राहिली तर? एका सकाळी तिनं दाराच्या फटीतून पाहिलं. लेक डोळे मिटून गुडघ्यांवर बसलेली. हात कपाळाला लावला, मग छातीला, मग एका खांद्याला, मग दुसऱ्याला. तोंडानं काहीतरी परक्या भाषेत पुटपुटणं चालूच.

"कार्टे, सिस्टर व्हायचंय का तुला?"

"आई गं! स्नायूंची नावं पाठ करतेय. उद्या तोंडी परीक्षा आहे."

"मग गुडघे कशाला टेकलेस?"

"तुझ्याच दुखऱ्या गुडघ्यांसाठी व्यायाम शोधतेय. ये, तूही टेक."

आईनं संशयानंच गुडघे टेकले, "देवा रे!" म्हणून किंचाळली, आणि टुणकन आपली आपण उठून उभी राहिली.

बरं बाई, ती टुणकन उठली, एवढं मी पदरचं घातलं. लेकीनं काखेत हात घालून उचललं तिला, आणि मग आईच सोडेना.